घरातला छापखाना : नागरी मुद्रणाच्या आरंभीचे काही नवशिके

व्याकरणग्रंथाच्या प्रस्तावनेत आगीचे वर्णन येईल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. चार्ल्स विल्किन्स यांच्या संस्कृत व्याकरणाच्या प्रस्तावनेत ते आले आहे. हा ग्रंथ १८०८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी विल्किन्स सांगतात की, १७९५ च्या प्रारंभी आपण खेड्यात राहत होतो, हाताशी पुष्कळ मोकळा वेळ होता, म्हणून जुनी टिपणे लावून व्याकरण छापण्याचा घाट घातला. त्यासाठी लागणारी देवनागरी अक्षरे त्यांनी स्वतः पोलादावर कोरली, त्यांच्या मातृका ठोकल्या, साचे तयार केले आणि त्यांतून खिळे पाडले. मुद्रणाचे बाकीचे साहित्य गावात जे कारागीर मिळाले त्यांच्या मदतीने राहत्या घरातच उभे राहिले. २ मे रोजी सोळा पृष्ठांची मुद्रिते हाती आली होती. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता घराने पेट घेतला आणि पाहता पाहता सारी वास्तू जळून गेली. पुस्तके आणि हस्तलिखिते वाचली; कोरलेले पोलादी ठसे आणि मातृकाही बहुतेक वाचल्या. मात्र खिळे लोकांनी घाईने बाहेर फेकले, ते अंगणातल्या हिरवळीवर विखुरले आणि कायमचे निकामी झाले.

विल्किन्स म्हणजे १७८५ साली भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे पंडित. आमच्या वाङ्मयेतिहासांत त्यांचा उल्लेख येतो तो या भाषांतरासाठी. हा मनुष्य घरच्या चुलीवर शिसे वितळवीत बसला होता, ही गोष्ट त्या इतिहासांना तळटीपेच्या योग्यतेचीही वाटलेली नाही. मला मात्र त्या हिरवळीवर सांडलेल्या खिळ्यांकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. ज्या देशात मुद्रणाचा धंदा तीन शतके जुना झाला होता, शहरांत पिढीजात ओतारी आणि कोरके होते, त्या देशात एका संस्कृतज्ञाला हे काम घरी, स्वतःच्या हातांनी का करावे लागले? या प्रश्नाचे उत्तर नागरी लिपीच्या अंगातच आहे आणि ते देण्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे मागे, गोव्यात जावे लागते.

गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली. तो निघाला होता अबिसीनियाला. वाटेत गोव्यात उतरला आणि तेथेच राहिला. पण त्यावर इथल्या लिपीत काही छापले जाण्याची वेळ आली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात याचे कारण दिले आहे. या प्रांताच्या भाषेत आणि लिपीत, मलबारात निघाली तशी, पुस्तके निघावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. परंतु आपल्या युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, येथे सहाशे साचे पाडावे लागतील आणि ते अशक्य वाटते, असे ते म्हणतात. सहाशे हा आकडा अतिशयोक्त नाही. मूळ वर्ण पन्नासच्या आतबाहेर असले, तरी काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार यांनी प्रत्येक अक्षराचा संसार वाढत जातो. जोडाक्षरे तर एकमेकांच्या खांद्यावर चढतात, पोटात शिरतात, कधी दोन्ही घटकांना ओळख देत नाहीत. स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत. मराठी भाषेचे इतके कौतुक करणाऱ्या कवीच्या सुमारे अकरा हजार ओव्या मराठी अक्षरांवाचून छापल्या गेल्या, आणि त्या नागरी लिपीत मुद्रित होण्यास १९५६ साल उजाडावे लागले. या तीनशे चाळीस वर्षांचा विचार आपण धर्माच्या आणि राज्यसत्तेच्या अंगाने पुष्कळ केला आहे. साच्यांच्या संख्येच्या अंगाने तो फारसा केलेला नाही.

स्टीफन्सनंतर साठेक वर्षांनी सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याने हाच डोंगर दुसऱ्या बाजूने चढून पाहिला. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावेत म्हणून त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे एक मुद्रक मागितला. कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, खिळे आणि कागद यांसह पाठविला. १६७४ साली तो आला. आल्यावर कळले की हिल्स छापू शकतो, अक्षर कोरू शकत नाही. इंग्रजी खिळे जुळविण्यात तो तरबेज होता. पण वाणी लिपीचे अक्षर त्याच्या दृष्टीने नुसती वळवळ होती. भीमजीने हातपाय गाळले नाहीत. त्याने आपली माणसे या कामाला लावली. ज्यांनी पूर्वी कधी खिळा पाहिलेला नव्हता अशा त्या माणसांनी वाणी लिपीत काही कागद छापून काढले आणि ते चांगले उतरले आहेत, असे सुरतेच्या वखारवाल्यांनी कंपनीला कळविले. त्या कागदांपैकी एकही आज आपल्यासमोर नाही. भीमजीच्या प्रयोगाविषयी आपल्याला जी माहिती आहे ती वखारीच्या पत्रव्यवहारातली, म्हणजे खर्चाच्या काळजीतून लिहिलेली. त्या कारागिरांनी पहिले अक्षर कोणते कोरले, किती वेळा ते बिघडले, हे लिहून ठेवण्याचे कोणालाही कारण नव्हते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे गुंता कोठे होता ते कळते. ज्याला धातू येत होता त्याला अक्षर येत नव्हते, आणि ज्याला अक्षर येत होते त्याला धातू येत नव्हता. वाकबगार मनुष्य बोलावून ही अडचण सुटणारी नव्हती, कारण या कामापुरता वाकबगार मनुष्य जगात अस्तित्वातच नव्हता. दोहोंपैकी कोणीतरी एकाने आपले पक्के ज्ञान बाजूला ठेवून दुसऱ्या विद्येत नवशिका होणे, एवढाच मार्ग होता. बंगाली लिपीच्या बाबतीत याचा पडताळा लगेच मिळाला. विल्यम बोल्ट्स यांनी १७७० नंतरच्या काही वर्षांत लंडनचे नामांकित ओतारी जोसेफ जॅक्सन यांच्याकडून बंगाली खिळे करवून घेण्याचा उद्योग केला आणि तो फसला. जॅक्सन यांचा हात उत्तम होता. परंतु ज्या अक्षराचा उच्चार आपल्याला माहीत नाही, ज्याची रेघ कोठून सुरू होते आणि लेखणी कोठे उचलली जाते हे ज्ञात नाही, त्या अक्षराचे चित्र काढता येते; अक्षर काढता येत नाही.

जॅक्सन यांना न जमलेले काम हुगळीत जमले. हॅलहेड यांचे बंगाली व्याकरण १७७८ साली तेथे छापले गेले. वॉरन हेस्टिंग्ज यांच्या सांगण्यावरून त्याचे खिळे विल्किन्स यांनी केले. ते तेव्हा कंपनीच्या कारकुनी नोकरीत होते. हॅलहेड यांनी आपल्या प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले आहे की, युरोपातल्या कारागिरांपासून इतक्या दूर असल्यामुळे धातू गाळणारा, कोरणारा, ओतणारा आणि छापणारा या साऱ्यांची कामे विल्किन्स यांना एकट्यालाच करावी लागली. येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. विल्किन्स एकटे नव्हते. पंचानन कर्मकार हा लोहार त्यांच्याबरोबर होता, आणि कर्मकार या नावातच त्याच्या घराण्याचा व्यवसाय सांगितलेला आहे. अक्षर जाणणारा पंडित लोहारकामात नवखा आणि लोहार अक्षरे कोरण्यात नवखा, असे दोन नवशिके एकमेकांना शिकवीत होते. त्यांतल्या एकाने पुस्तके लिहिली म्हणून त्याचा शब्द उरला. दुसऱ्याचे खिळे उरले. या दोन प्रकारच्या साक्षींत इतिहासकाराला पहिली सोयीची वाटते, एवढेच.

खिळा म्हणजे काय आणि तो होतो कसा, हे आजच्या वाचकाला सांगणे भाग आहे. संगणकाने अक्षर इतके वजनरहित केले आहे की ते कधी शिशाचे होते याचीच आठवण बुजत चालली आहे. प्रथम मऊ पोलादाच्या लहानशा कांबीच्या टोकावर अक्षर उठावाने आणि उलटे कोरायचे. ते नीट उतरले की नाही हे पाहण्यासाठी कांब दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी बसवायची आणि कागदावर अलगद टेकवायची. मग पुन्हा कानस, पुन्हा काजळी, पुन्हा कागद. समाधान झाल्यावर कांब तापवून, पाण्यात बुडवून टणक करायची; या वेळी ती तडकली तर आठवड्याचे श्रम गेले. टणक झालेला ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे खोलगट अक्षर उमटते, ती मातृका. मातृका साच्याच्या तळाशी बसवून वरून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा पडतो. हे झाले एका अक्षराचे. सर्व खिळ्यांची उंची केसाइतकीही कमीजास्त असून चालत नाही आणि नागरीत तर शिरोरेषा एका खिळ्यावरून दुसऱ्यावर न तुटता गेली पाहिजे. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. त्यांच्यात थोडे उणेअधिक झाले तर खपते. आपली अक्षरे एका दांडीला लटकतात. दांडी मोडली की शब्द मोडतो.

त्यातही उलटे कोरणे हा भाग नवशिक्याची खरी परीक्षा घेणारा. पदव्युत्तर वर्गाला मुद्रणाचा इतिहास शिकविताना मी एकदा विद्यार्थ्यांना ‘कि’ आणि ‘की’ ही दोन अक्षरे आरशात दिसतात तशी लिहायला सांगितली. मराठीत पारंगत असलेली ती मंडळी पाटीपेन्सिलीच्या काळात गेली. कारण उघड आहे. आरशात ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाते आणि दीर्घासारखी भासते. दीर्घ वेलांटी डावीकडे येऊन ऱ्हस्वाचे सोंग घेते. शुद्धलेखनाचे जे नियम हाताच्या स्नायूंत मुरलेले असतात तेच येथे शत्रू होतात. अक्षर येणाऱ्या माणसालाही ते पुन्हा नव्याने, अपरिचितासारखे शिकावे लागते. विल्किन्स यांनी १७९५ मध्ये मांडलेला घरचा पसारा हा असा होता. आगीनंतर त्यांनी तो सोडून दिला. पुढे हर्टफर्ड येथे कंपनीचे महाविद्यालय निघाले, संस्कृत व्याकरणाची गरज निर्माण झाली, तेव्हा जळत्या घरातून वाचलेल्या ठशांचा आणि मातृकांचा उपयोग करून नवे खिळे पाडले गेले आणि ग्रंथ पुरा झाला.

दरम्यान पंचानन श्रीरामपूरच्या मिशनमध्ये गेला होता. तेथे नागरीच्या पहिल्या संचासाठी सुमारे ७०० ठसे कोरावे लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे स्टीफन्स यांचा अंदाज कमीच होता. काम पुरे होण्यापूर्वी पंचानन वारला आणि त्याचा जावई मनोहर याने ते पुढे नेले. १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण येथून नागरी खिळ्यांत बाहेर पडले. त्या आधीचे वा त्याच सुमाराचे तंजावर आणि मिरज येथील उद्योग सर्वपरिचित आहेत. ते संस्थानिकांच्या आश्रयाने झाले आणि त्या आश्रयापलीकडे त्यांची फारशी वाढ झाली नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते सारे पोलादाच्या वाटेने गेलेल्यांचे. मुंबईत ज्या मनुष्याने घरी छापखाना मांडला त्याने आरंभी ही वाट सोडून दगडाची वाट धरली. तिचा शोधही, योगायोगाने, एका घरात आणि एका नवशिक्याच्या हातून लागलेला होता. म्यूनिकचा अलोइस झेनेफेल्डर हा नटाचा मुलगा, स्वतः नाटके लिहिणारा. नाटक छापण्याचा खर्च झेपेना म्हणून ते स्वतःच छापावे या हट्टाने तो तांब्याच्या पत्र्यांवर उलटे लिहिण्याचा सराव करू लागला. शाई खलण्यासाठी त्याने चुनखडीच्या जातीची एक गुळगुळीत फरशी आणली होती. १७९६ साली एके दिवशी परीट दारात उभा असता आईने धुण्याची यादी लिहून घ्यायला सांगितले. कागदाचा चिटोरा सापडेना, तेव्हा त्याने मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने ती यादी फरशीवरच लिहिली. पुढे दोन वर्षे खटपट करून त्याने दगडावरून छापण्याची रीत सिद्ध केली. ही हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. नाटककाराने सांगितलेली असल्यामुळे ती थोडी रंगवलेली असेल असे मला वाटते. पण रीत खरी होती आणि ती जगभर पसरली.

तिचे तत्त्व घरगुती अनुभवातलेच आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. घासून गुळगुळीत केलेल्या शिळेवर तेलकट शाईने लिहायचे, वरून डिंकाचे पाणी आणि त्यात सौम्य तेजाब देऊन लिखाण पक्के करायचे. मग शिळा ओली केली की कोऱ्या भागावर पाणी धरते, लिहिलेल्या भागावर धरत नाही. त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना चिकटते. कागद ठेवून दाब दिला की पान छापून निघते. प्रत्येक प्रतीला शिळा पुन्हा ओली करायची, पुन्हा रूळ फिरवायचा. येथे सहाशे साच्यांचा प्रश्न आपोआप नाहीसा होतो. हात जे लिहितो ते शिळा घेते. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असो, शिळेला ते एका रेघेपेक्षा अवघड नाही. स्टीफन्स यांनी ज्याला अशक्य म्हटले ते कोरक्याच्या हातून काढून लेखनिकाच्या हाती दिले गेले आणि लेखनिकांची आपल्याकडे वाण नव्हती. उलटे लिहिण्याची अडचणही, विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर सुलटे लिहून ते शिळेवर उतरवून घेण्याच्या युक्तीने टाळता येई.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १० मार्च १८१७ रोजी पहिली मराठी पुस्तिका निघाली होती, आणि १८२० नंतरच्या दशकात सरकारी शिळाप्रेसवर शालेय पुस्तके छापली जाऊ लागली होती. पण मुद्रण हे मिशनचे किंवा सरकारचे, म्हणजे साहेबाचे काम होते. गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील गृहस्थाने ते आपल्या घरात आणले. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते मुख्यतः गोविंद नारायण माडगावकर यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथातून. मिशनची छापील पुस्तके पाहून आपल्या धर्माचेही ग्रंथ असे छापावेत असे गणपत कृष्णाजींच्या मनात आले. त्यांनी मिशनच्या छापखान्यातील काम पाहून घेतले. यंत्र मिळेना तेव्हा पाहिलेल्या यंत्रावरून घरीच एक लाकडी यंत्र तयार केले, लहानसा दगड मिळविला आणि त्यावर छापून पाहू लागले. शाईही विकत मिळत नव्हती. ती कशाची आणि कशी करावी हे त्यांनी निरनिराळे जिन्नस एकत्र करून स्वतःच शोधले. जमते आहे असे दिसल्यावर मोठे दगड आणि लोखंडी यंत्र आले. शके १७५३ म्हणजे १८३१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापले. माडगावकरांचा मजकूर हा इतकाच, एखाददुसऱ्या परिच्छेदाचा. त्यातली वाक्ये लहान आहेत. पण ‘शाई करून पाहिली’ अशा अर्थाच्या एका वाक्यात किती दिवस गेले असतील याचा हिशेब वाचकाने करावयाचा आहे.

तो थोडासा करून पाहू. शिळाछापाच्या शाईला दोन परस्परविरुद्ध गुण हवे असतात. ती अक्षराला धरून राहील इतकी चिकट आणि कागदावर उतरेल इतकी सैल हवी. थंड हवामानातल्या देशात बसविलेले तिचे प्रमाण मुंबईच्या वैशाखात टिकत नाही. शाई पातळ होऊन पसरते, ‘ष’चे पोट बुजते, अनुस्वार शेजारच्या रेघेला जाऊन मिळतो. ओली केलेली शिळा रूळ आणीपर्यंत सुकते आणि कोऱ्या जागी डाग धरते. पावसाळ्यात उलट, कागद दमट होऊन ताणतो. लिहिताना चूक झाली तर कागदावर हरताळ फासून पुन्हा लिहिता येते, पोथी लिहिणाऱ्यांची ती जुनी सवय; शिळेवर खरवडले की तेथला पृष्ठभाग बिघडतो आणि नवे अक्षर नीट बसत नाही. मिशनच्या छापखान्यात पाहून यातले फार थोडे कळले असणार. पाहिल्याने क्रिया कळते, बिघाड कळत नाही. बिघाड स्वतःच्या हातून व्हावा लागतो.

पहिला उपक्रम म्हणून पंचांग निवडण्यात मला गणपत कृष्णाजींचे धाडस आणि व्यवहार दोन्ही दिसतात. पंचांग प्रत्येक घराला दरवर्षी लागते, म्हणून ग्राहक ठरलेला. पण नवशिक्यासाठी याहून निर्दय पुस्तक नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांचे उभे रकाने आणि घटीपळांचे आकडे; एक आकडा चुकला तर कोणाची एकादशी चुकते, कोणाचा मुहूर्त. कथेच्या पोथीत एखादे अक्षर गळले तर वाचणारा संदर्भाने भरून घेतो, आकडा संदर्भाने भरून घेता येत नाही. शिवाय ते वेळेवर निघाले पाहिजे. चैत्र शुद्ध प्रतिपदेनंतर पंधरा दिवसांनी तयार झालेले उत्तम पंचांग कोणाच्या उपयोगाचे? तोवर गावोगावचे जोशी पंचांगाच्या प्रती हातांनी उतरवून घेत असत. घरी बसून केलेल्या यंत्रावर, घरी शिजवलेल्या शाईने छापलेला कागद त्या हाती लिहिलेल्या प्रतींच्या शेजारी ठेवला जाणार होता. त्याची तुलना मिशनच्या सफाईशी होणार होती आणि जोश्याच्या अचूकपणाशीही.

ग्राहक ठरलेला असला तरी तो घेईल याची खात्री मात्र नव्हती. अनेक सोवळे ब्राह्मण छापलेल्या कागदाला शिवायला भीत, छापील पुस्तके घरात ठेवीत नसत आणि वाचीतही नसत, असे माडगावकर नमूद करतात. १८६३ सालीही ही माणसे पूर्ण नाहीशी झालेली नव्हती. या भीतीला आपण आज अंधश्रद्धा म्हणून हसतो. तिच्यामागे वस्तुस्थितीचा भाग होता. युरोपीय रीतीच्या शाईत चरबी असे. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून धार्मिक पोथ्या छापल्या, असे मुंबईतल्या मुद्रणाच्या परंपरेत सांगितले जाते. ही गोष्ट सामान्यतः गमतीखातर सांगतात. परंतु शिळाछापाचे तत्त्व माहीत असेल तर तिच्यातले मर्म कळते. शिळेला स्निग्धता हवी. ती कोणाची याच्याशी शिळेला कर्तव्य नाही. दुसऱ्याने सांगितलेली कृती पाठ करणारा कामगार चरबीच्या जागी तूप घालण्याचे धाडस करणार नाही, कारण कृतीतला कोणता जिन्नस कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नसते. ज्याने शाई शून्यापासून स्वतः शोधली होती त्याला ते ठाऊक होते.

येथे एका सोयीच्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. गणपत कृष्णाजी हे मिशनऱ्यांना उत्तर देणारे स्वयंभू देशी वीर होते, असे चित्र मागील शतकातील काही लेखनात रंगविले गेले. ते स्वयंभू नव्हते. अमेरिकन मिशनचा छापखाना नसता तर त्यांना पाहायला काही मिळाले नसते. दुसऱ्या बाजूने, मराठी मुद्रण ही मिशनऱ्यांची देणगी असे म्हणणाऱ्यांनाही त्या लाकडी यंत्रापुढे थांबावे लागते. देणगीत यंत्र येते. यंत्र का चालते हे देणगीत येत नाही. विल्किन्स आणि गणपत कृष्णाजी यांना एका ओळीत बसविताना त्यांच्यातील अंतरही विसरता कामा नये. विल्किन्स यांना मोकळा वेळ होता आणि घर जळाल्यावरही ग्रंथ बारा-तेरा वर्षे लांबणीवर टाकण्याची मुभा होती. गणपत कृष्णाजींचे पंचांग त्या वर्षी निघाले नसते, तर त्यांच्या लाकडी यंत्राची सरपणाखेरीज दुसरी गती नव्हती.

शिळाछापाने मराठी ग्रंथाला एक विशिष्ट रूप दिले आणि ते अभ्यासकांनी हाताळून पाहिले पाहिजे. आडवी पाने, मोठे वळणदार बोरूचे अक्षर, भोवती रेघा. दुरून पाहता हस्तलिखितच. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी प्रथम मुद्रित केली ती शिळाछापावरच. तिच्या पानांत ओवी लिहिणाऱ्या हाताचा श्वास राहिला आहे. पारायण करणाऱ्याला आपल्या मांडीवरची वस्तू बदलली आहे असे फारसे जाणवू नये, ही सोय त्या रूपात होती. पुष्कळ जुन्या वाड्यांतून अशा शिळाप्रती हस्तलिखिते समजून जपलेल्या आढळतात. ग्रंथालयांच्या नोंदवह्यांतही हा घोटाळा मी पाहिला आहे.

दगडावर हात बसल्यानंतर गणपत कृष्णाजी तेथे थांबले नाहीत, हा या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग. पंचांगे खपत होती, पोथ्या निघत होत्या. अशा वेळी त्यांनी पोलादाची वाट धरली. ठसे, मातृका, खिळे हे सारे त्यांनी निरनिराळ्या आकारांत स्वतः तयार केले आणि शिळाप्रेसच्या जोडीला खिळ्यांचा छापखाना उभारला. म्हणजे एका विद्येत वाकबगार झाल्यावर ते पुन्हा एकदा दुसऱ्या विद्येतले नवशिके झाले. शिळेने जे सहाशे साचे टाळण्याची सोय दिली होती, ते पाडायला बसले. शिळा मर्यादित प्रतींनंतर झिजते आणि प्रत्येक पुस्तकासाठी प्रत्येक पान नव्याने लिहावे लागते. खिळे सोडवून पुन्हा जुळविता येतात, हे व्यावहारिक कारण असणारच. पण ज्या मनुष्याने आयुष्यात लेखणीचा वा धातूचा वारसा नसताना दोन्ही हस्तगत केले, त्याला कारणापलीकडची काही ओढ नसेल असे मानणे मला जड जाते.

१८६० साली ते वारले. त्यांच्यानंतर मुंबईत हा व्यवसाय कारखान्याच्या रूपाने वाढला. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरच्या अक्षरांतून संस्कृत विद्या देशभर आणि परदेशांत वाचली गेली. तो इतिहास भरपूर लिहिला गेला आहे आणि तो घरातला इतिहास नाही.

गणपत कृष्णाजींनी स्वतः आपल्या प्रयोगांविषयी काही लिहून ठेवले नाही. विल्किन्स यांच्याजवळ प्रस्तावना होती, झेनेफेल्डरजवळ आत्मवृत्त. पंचांगाला आत्मवृत्ताची जागा नसते. आणि पंचांगाचे आयुष्य एका वर्षाचे. पाडव्याला नवे आले की जुने दिवाणखान्याच्या खुंटीवरून उतरते, त्याची पाने पुड्या बांधायला जातात. जोश्यांच्या घरी मात्र जुनी पंचांगे टाकून देत नाहीत. कोणी मागील सालच्या जन्माची पत्रिका करायला आला तर त्या वर्षाचे गणित लागते, म्हणून वर्षानुवर्षांची पंचांगे दोऱ्याने बांधून माळ्यावर ठेवलेली असतात. १८३१ च्या त्या पहिल्या प्रयत्नाचे एखादे पान अजून कोठे शिल्लक असेल, तर ते अशाच एखाद्या गाठोड्यात, कोणाच्या तरी जन्मवेळेच्या टिपणाशेजारी असेल.